अठरा पूर्ण झाली, आता झोपायचं कुठे? जळगाव-भुसावळकडच्या बेघर तरुणांसाठी तात्पुरता निवारा

गिरणाकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी. बराच काळ मनात असलेला विषय मांडतेय, नीट वाचा आणि मोकळेपणाने लिहा.

बेघर म्हटलं की आपल्याला स्टेशनवरचं लहान पोर आठवतं, नाहीतर देवळाबाहेर बसलेले म्हातारेकोतारे. पोरासाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे, बालगृह आहे, वेगळा कायदा आहे. म्हाताऱ्या माणसाला निदान कोणी भाकरी आणून देतं. या दोघांच्या मधला अठरा ते तेवीस-चोवीसचा धडधाकट दिसणारा पोरगा मात्र कोणाच्याच यादीत नाही. त्याला बघून लोक एवढंच म्हणतात, 'हातपाय आहेत, कामाला लाग.' तो कामाला लागलेलाही असतो. प्रश्न रात्रीचा असतो.

मी दालमिलमध्ये हिशेब बघते. हमालीला, पॅकिंगला येणारी पोरं रोज समोर असतात. रात्री कुठे असतोस विचारलं की उत्तर येतं, 'मित्राकडे.' हा मित्र म्हणजे गोडाऊनचा ओटा, बसस्टँडचं बाकडं, नाहीतर स्टेशनचा पूल. यात बालगृहातून वय झालं म्हणून बाहेर पडलेले आहेत. बापाच्या दारूपायी घर सोडलेले आहेत. शिकायला जळगावला आलेले, घरून पैसे यायचे बंद झाले आणि कॉट बेसिसची खोली सुटली, असेही आहेत. सुरतहून मजुरी बुडवून घेऊन परतलेले आहेत आणि ते रिकाम्या हाताने गावी जायला तयार नाहीत.

दुसरं म्हणजे आपल्याकडे निवारा म्हटलं की लोक थंडी आणि ब्लँकेटवाटपच धरून बसतात. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जातो. एमआयडीसीत रात्रपाळी करून आलेल्या पोराला दुपारी झोपायला सावली लागते. संध्याकाळी उघडून सकाळी कुलूप लागणारी जागा त्याच्या काय कामाची?

माझ्या डोक्यात आठ-दहा खाटांची एक जागा आहे. स्टेशनपासून चालत जाण्याजोगी, फक्त १८ वर्षांवरच्या मुलांसाठी, दिवसरात्र उघडी. पण कायदा काय म्हणतो, एका मुलाला किती दिवस ठेवायचं, पैसा कुठून आणायचा, यात मला तुमची मदत हवी आहे. ज्यांनी असं काम जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

आऊटर_सिग्नल (भुसावळ)

ताई, विषय काढलात, फार बरं केलंत. माझी सगळी नोकरी भुसावळ जंक्शनवर गेली. एकीकडे मुंबई, एकीकडे नागपूर-हावडा, वर इटारसीमार्गे दिल्ली, आणि सुरतेची लाइन वेगळी. चारी बाजूंनी पोरं येतात. विनातिकीट उतरवलेला पोरगा इथे सापडतो, आणि मुंबईला निघालेला इथेच गाडी बदलतो.

लहान मुलांच्या बाबतीत रेल्वेत व्यवस्था बऱ्यापैकी बसली आहे. आरपीएफचं, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचं, 'नन्हे फरिश्ते' नावाचं काम चालतं, मूल एकटं दिसलं की जवान त्याला बाजूला घेतात आणि चाइल्ड हेल्पलाइनला कळवलं जातं. २०१५ नंतर त्याची ठरलेली कार्यपद्धतीही आहे. पण पोराने 'मी एकोणीसचा' असं सांगितलं की विषय तिथेच संपतो. मग त्याला फलाटावरून उठवतात. तो पुलावर जातो, तिथून उठवलं की पार्सल ऑफिसच्या मागे. रात्रभर हेच. रात्री न झोपलेला माणूस सकाळी कामाला उभा राहू शकत नाही, आणि दोन दिवस गैरहजर राहिला की काम जातं. मग आपणच त्याला आळशी ठरवतो.

मी ड्युटीवर असताना एखाद्याला अहिराणीत विचारलं की तो जरा मोकळा व्हायचा. 'जेवना का रे भाऊ?' एवढ्यावरच काहींच्या डोळ्यांत पाणी यायचं. तुमची जागा झाली तर तिथे रात्री बसणारा माणूस आपली बोली बोलणारा ठेवा.

पांझराकाठ (धुळे)

वकील आहे, बाल न्याय मंडळ आणि बाल कल्याण समिती या दोन्हींपुढे काम करते. कायद्याचं सविस्तर लिहिते, कारण चांगल्या मनाची माणसं इथेच अडकतात.

अठराच्या आतलं मूल तुमच्या दारात आलं तर 'आजची रात्र झोपू दे, उद्या बघू' असं करून गप्प बसता येणार नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ३२ नुसार निराधार दिसणाऱ्या किंवा तसं सांगणाऱ्या मुलाची माहिती २४ तासांच्या आत द्यावीच लागते, प्रवासाचा वेळ त्यातून वगळून. माहिती चाइल्ड हेल्पलाइनला, पोलिसांना, बाल कल्याण समितीला किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला देता येते. न देणं हा गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि मुलांना ठेवणारी संस्था नोंदणीशिवाय चालवली तर कलम ४२ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख दंड, किंवा दोन्ही. म्हणून ताईंनी १८ वर्षांवरची अट घातली ती योग्यच आहे. मुलांसाठी काही करायचं असेल तर कलम ४३ मध्ये 'खुलं निवारागृह' आहे. त्यासाठी रीतसर नोंदणी लागते, आणि तो वेगळा प्रकल्प आहे. दोन्ही एका छपराखाली आणू नका.

खरी अडचण वयाची आहे. सतरा वर्षांचा मुलगा समितीपुढे जायला नको म्हणून एकोणीस सांगतो, आणि बावीसचा कधीकधी जागा मिळेल म्हणून सतरा सांगतो. कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिकेचा किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. ते ठरवणं समितीचं काम आहे, तुमचं नाही. शंका असेल तर त्याला मूल समजा आणि कळवा.

अठरावरच्याला संस्थेतून बाहेर पडताना हक्क नाही असं समजू नका. कलम ४६ मध्ये त्यांच्या पुढच्या आधाराची तरतूद आहे. २१ वर्षांपर्यंत, आणि खास कारण असेल तर नियमांप्रमाणे २३ पर्यंत. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत यासाठी महिना ४००० रुपये धरले आहेत. पण हे आपोआप होत नाही. अर्ज हवा, जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे पाठपुरावा हवा. तो पोरगा स्टेशनच्या पुलावर झोपत असताना पाठपुरावा कुठून करणार?

शिरपूरकर

अतिशय गरजेचा विषय. वाचतोय. वर्गणीत माझं नाव धरा.

केळीचं_पान (रावेर)

ताई, राग मानू नका, मनापासून लिहितो. माझ्या भावाचा पोरगा असाच निघून गेला होता. घरात दोन महिने चूल नीट पेटली नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या लेकी माहेरी आल्या होत्या आणि अंगणात कोणाच्या तोंडी गाणं नव्हतं. तेव्हा एखाद्या निवाऱ्याने त्याला ठेवून घेतलं असतं आणि आम्हाला सांगितलं नसतं, तर आमचं काय झालं असतं? माझं म्हणणं एवढंच की पहिल्या दिवशी घरी फोन लावा आणि त्याला गाडीत बसवून द्या. रागाच्या भरात निघालेली पोरं असतात. त्यांना ठेवून घेतलं की राग पक्का होतो.

पांझराकाठ (धुळे)

@केळीचं_पान दादा, तुमच्या घरावर जे गेलं ते समजू शकते. फोनबद्दल तुमचं अर्धं म्हणणं मला पटतं. पण अठरा पूर्ण केलेला माणूस सज्ञान आहे, त्याला कोणी गाडीत बसवून देऊ शकत नाही. आणि मी अशी मुलं पाहिली आहेत की घरी पाठवलं तर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दिसतील. आंतरजातीय लग्नाच्या प्रकरणांत तर जिवाचा प्रश्न असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शक्ती वाहिनी प्रकरणात अशा जोडप्यांसाठी सुरक्षित घरांचा विचार करायला राज्यांना सांगितलं, ते उगाच नाही. असं जोडपं आलं तर मात्र पोलिसांच्या विशेष कक्षाकडेच न्यायचं, आपल्या दहा खाटांत ठेवायचं नाही.

एक मधला मार्ग आहे. मुलाला विचारायचं, 'तू सुखरूप आहेस एवढं घरी कळवू का? पत्ता नाही सांगणार.' बरेच जण हो म्हणतात, फक्त पहिल्या दिवशी नाही. घरच्यांनी बेपत्ता म्हणून तक्रार दिली असेल तर तो स्वतः पोलिसांपुढे जबाब देऊ शकतो की मी माझ्या मर्जीने राहतोय. त्याच्या सोबत जाणारं कोणीतरी हवं.

केळीचं_पान (रावेर)

'सुखरूप आहे' एवढा निरोप जरी आम्हाला मिळाला असता तरी वहिनीने अन्न घेतलं असतं. हा नियम निवाऱ्यात असू द्या. मग माझी हरकत नाही.

तिसरी_पाळी (जळगाव)

खातं जुनं आहे, लिहितोय आज पहिल्यांदा. मी बालगृहात वाढलोय. कुठलं ते लिहीत नाही, तिथल्या माणसांनी मला वाढवलंय आणि शिकवलंय. आता चटईच्या कंपनीत मशीनवर आहे.

अठरा पूर्ण झाल्यावर बाहेर पडलो तेव्हा माझ्याकडे कपडे, दहावीचं सर्टिफिकेट आणि आधार कार्ड होतं. लोकांना वाटतं आधार आहे म्हणजे सगळं आहे. माझ्या आधारला मोबाइल नंबर जोडलेला होता तो संस्थेतल्या एका सरांचा, आणि ते सर तोवर बदलून गेले होते. बँकेत खातं काढायला गेलो तर ओटीपी जाणार त्या नंबरवर. सिम घ्यायला गेलो तरी तोच प्रकार. पत्ता संस्थेचा, आणि मी तिथे राहत नाही. कंपनीत काम मिळालं तर म्हणाले, पगार खात्यातच होतो. खातं नाही म्हणून ठेकेदारामार्फत लागलो. ठेकेदाराने पहिले आठ दिवस दाबून ठेवले, ते काम सोडतानाच मिळणार अशी त्याची रीत.

इथे सगळे विचारताय किती दिवस ठेवायचं, त्याचं उत्तर मी देतो. पहिला पगार हातात पडेपर्यंत. त्याआधी बाहेर काढलंत तर ठेवून काही उपयोग नाही.

हिशेब बघा. महिन्याच्या मध्यावर काम लागलं. पगार होतो पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास, आणि तो अर्ध्याच महिन्याचा. खोली घ्यायची तर डिपॉझिट आणि एक भाडं आगाऊ. अर्ध्या पगारात ते बसत नाही. म्हणजे दुसरा पगार लागतो. याचा अर्थ दोन महिने माणसाला काम आहे, पगार चालू आहे आणि तरी घर नाही. मी तो काळ बसस्टँडवर आणि कंपनीच्या गेटबाहेर काढला. बॅग कुठे ठेवायची हा रोजचा घोर. सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी बांधून झोपायचो. एका पावसात तेही भिजलं. नंतर डुप्लिकेट काढलं तेव्हा समजलं त्याला किती खेटे असतात.

म्हणून तीन रात्री, सात रात्री असा नियम करू नका. सातव्या दिवशी पोरगा परत पुलावर जातो आणि काम सोडतो. तुमचे सात दिवसही वाया जातात.

खाटेपेक्षा जास्त कामाच्या गोष्टी सांगतो. स्वतःच्या कुलपाचा लॉकर. मोबाइल चार्ज करायला जागा. आणि कोणीतरी घरमालकाला सांगणारं की हा पोरगा ओळखीचा आहे. मला खोली बघताना सगळीकडे एकच ऐकायला मिळालं, 'घरचं कोणी मोठं माणूस घेऊन ये.' मी कोणाला नेणार होतो?

गिरणाकाठ (जळगाव)

@तिसरी_पाळी भाऊ, तुमच्या लिहिण्याने मला जे हवं होतं ते मिळालं. मी रोज पगारपत्रक बनवते. नव्या माणसाचा पगार कधी निघतो हे मला माझ्या टेबलावरून तोंडपाठ आहे. निवाऱ्याची मुदत पगारपत्रकावरून ठरवायची ही गोष्ट मी मनावर घेते. काम लागल्यापासून दुसऱ्या पगारापर्यंत, असं धरू. ज्याला कामच नाही त्याच्यासाठी आधी पंधरा दिवस काम शोधायला, आणि दर आठवड्याला बसून बोलायचं.

आधारबाबत माहिती काढली. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या किंवा अनाथालयाच्या अधीक्षकाला आधारसाठी ठरलेल्या नमुन्यात पत्त्याचं प्रमाणपत्र देता येतं. म्हणजे आपली जागा पालिकेच्या मान्यतेने चालली तर पोराला पत्ता मिळू शकतो. बिगरमान्यतेच्या खोलीत दहा खाटा टाकल्या तर झोप मिळेल, पत्ता नाही मिळणार.

आऊटर_सिग्नल (भुसावळ)

मतदार यादीचंही असंच आहे. बेघर माणसाने नाव नोंदवायचा फॉर्म ६ भरला तर बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा अधिकारी, रात्री त्या जागेवर येऊन बघतो की माणूस खरंच तिथे झोपतो का. एकाहून जास्त रात्री येतो. एकाच जागी टिकून झोपायला मिळालं तरच हे होणार, रोज उठवलं जाणाऱ्याचं कसं होईल?

सातपुडा_मास्तर (धडगाव)

नंदुरबारकडची बाजू मांडतो. आमच्याकडे दिवाळी झाली की गावंच्या गावं ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. बायका-पोरांसकट. होळीला परततात, कारण सातपुड्यात होळी म्हणजे सगळ्यात मोठा सण, तिला माणूस कुठूनही घरी येतो. पण अठरा-वीसची पोरं हल्ली होळीनंतर पुन्हा सुरतला जातात. बांधकाम, लूम, जे मिळेल ते. सुरत-भुसावळ लाइनमुळे नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव ही त्यांची ठिकाणं. मजुरी बुडाली, हात मशीनमध्ये गेला, मुकादमाशी भांडण झालं की पोरगा गाडीत बसतो आणि पैसे संपतील तिथे उतरतो.

या पोरांना पावरी किंवा भिली येते, मराठी तुटकी. फॉर्म पुढे केला की गप्प बसतात. त्यांना 'हा बोलत नाही, याला काहीतरी लपवायचंय' असं कृपया समजू नका. एखादा शिक्षक किंवा आमच्याकडचाच पुढे शिकत असलेला विद्यार्थी फोनवर जोडून द्या, पाच मिनिटांत सगळं सांगतील.

बुडालेल्या मजुरीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, १५१०० हा त्यांचा क्रमांक. अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे आमच्या पोरांना माहीतच नसतं.

शिकणाऱ्यांचंही सांगतो. आदिवासी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे थेट खात्यात येतात. पण पैसे उशिरा आले की खोलीचं भाडं थकतं, आणि पोरगा वर्गात बसतो आणि रात्री वाचनालयाच्या पायरीवर झोपतो. असा एक माझाच विद्यार्थी जळगावला होता. त्याने मला सांगितलं नाही, लाज वाटली म्हणाला. परीक्षेनंतर कळलं. अशा पोरासाठी दोन महिन्यांची खाट म्हणजे एक वर्ष वाचलं.

रुग्णसेविका (चोपडा)

मुलींबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. मुली स्टेशनवर झोपत नाहीत, म्हणून दिसत नाहीत. त्या कोणाच्यातरी घरी राहतात आणि तिथे त्यांचं काय होतं ते आम्हाला दवाखान्यात कळतं. या दहा खाटांत त्यांना घ्यायचं नाही हे योग्यच. पण दारात मुलगी आली तर 'इथे मुलांचंच आहे' म्हणून परत पाठवू नका. सखी वन स्टॉप सेंटरला फोन करा, तिथे पाच दिवसांपर्यंत राहता येतं, पोलीस, वकील, दवाखाना सगळं एका ठिकाणी. महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१. जास्त दिवसांसाठी शक्ती सदन आहे. गाडी येईपर्यंत तिच्यासोबत एक बाई थांबलीच पाहिजे, ते आधी ठरवून ठेवा.

आता पहिल्या रात्रीचं. माझं कळकळीचं सांगणं आहे की पहिल्या रात्री फॉर्म नको. आंघोळीला पाणी, अंगावर घालायला धुतलेलं काही, ताटभर जेवण आणि झोप. पाय बघा, बहुतेकांच्या पायाला जखमा असतात. खोकला जुना असेल तर थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. व्हाइटनर, सोल्युशन ओढणारे येतील. त्यांना हाकलू नका, आणि आत ओढूही देऊ नका. व्यसनासाठी १४४४६, आणि रात्री मन फारच खाली गेलेलं असेल तर टेलिमानस १४४१६, मराठीत बोलतात. हे तिन्ही क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवा.

पांझराकाठ (धुळे)

@रुग्णसेविका फॉर्मबद्दल थोडं वेगळं मत. नाव आणि वय पहिल्याच रात्री लिहायलाच हवं. उद्या पोलीस आले आणि तुम्हाला माणसाचं नावही सांगता आलं नाही तर जागा बंद पडेल, आणि आधी लिहिलं तसं, अठराच्या आतला आहे का हे त्याच रात्री कळायला हवं. बाकी घर का सोडलं, जात कुठली, आईबाप काय करतात, यातलं काहीही विचारू नका. कधीच विचारू नका, त्याने सांगितलं तर ऐका.

अमळनेरकर

आमच्या गावात साने गुरुजी १९२४ ते १९३० प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथलं छात्रालयही सांभाळायचे. मुलांच्या खोल्या स्वतः झाडणं, आजारी पोराच्या उशाशी बसणं, हे गावात अजून सांगतात. इमारत, खाटा यांची चर्चा चालू आहे ती चालू द्या, पण रात्री तिथे राहणारा माणूस कोण हे आधी ठरवा. पगारी चौकीदार ठेवला तर चौकीच होईल. त्या माणसाची पोलीस पडताळणी करून घ्या, आणि त्याला नीट पगार द्या. वर्गणीतून सगळ्यात जास्त पैसा तिथे जावा असं माझं मत.

मेहरूण_३ (जळगाव)

एक वेगळा मुद्दा. नवी जागा कशाला? केंद्राच्या नागरी बेघर निवारा योजनेच्या २०१३ च्या सूचना काढून बघा. त्यांत लिहिलं होतं, दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांसाठी कायमचा निवारा हवा, माणशी किमान ५० चौरस फूट, आणि तो स्टेशन, बसस्टँड, बाजार यांच्या जवळ. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहराची लोकसंख्या ४ लाख ६० हजार होती, धुळ्याची पावणेचार लाख, भुसावळची १ लाख ८७ हजार. हिशेब तुम्हीच करा. हा खर्च लोकांच्या वर्गणीतून कशाला? पालिकेकडे मागा. आपल्या वर्गणीची दहा खाटांची खोली दोन वर्षांत दमेल, पालिकेचा निवारा दमणार नाही.

तिसरी_पाळी (जळगाव)

@मेहरूण_३ मोठ्या माणसांच्या निवाऱ्यात मी एका शहरात राहिलोय. शहराचं नाव नको. एकाच हॉलमध्ये दारू पिऊन आलेले, आजारी, म्हातारे, सगळे. अठराचा पोरगा तिथे घाबरून झोपत नाही. कोणी रात्री जवळ सरकलं तर कोणाला सांगणार? एका आठवड्यात मी परत स्टँडवर आलो, तिथे निदान लाइट चालू असतो. पालिकेकडे मागा, पण वेगळी खोली आणि वेगळं दार मागा.

मेहरूण_३ (जळगाव)

समजलं. वेगळं दार. मान्य.

आऊटर_सिग्नल (भुसावळ)

मला वाटतं दोन्ही हातांनी काम करावं. पालिकेच्या निवाऱ्यातच तरुणांसाठी वेगळा भाग मागायचा आणि तिथे माणूस, लॉकर, जेवण, कागदपत्रांचं काम आपल्या मंडळींनी उचलायचं. जागा, वीज, पाणी आणि मान्यता पालिकेची. त्यामुळे ताईंनी सांगितलेला पत्त्याचा प्रश्नही सुटतो. कंपन्यांकडूनही मदत मिळू शकेल. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के समाजासाठी खर्च करावे लागतात. जळगाव एमआयडीसीतल्या मालकांना एवढंच दाखवा की तुमच्याच शिफ्टमधली पोरं फुटपाथवर झोपून कामाला येतात.

गिरणाकाठ (जळगाव)

मी माझ्या मालकांशी बोलले. पैशाचं नंतर म्हणाले, पण एक गोष्ट लगेच कबूल केली: निवाऱ्याचं पत्र घेऊन आलेल्या नव्या कामगाराला पहिल्या महिन्यात दर आठवड्याला थोडी उचल, आणि ती पगारातून हप्त्याने वळती. आठ दिवस दाबून ठेवणं आमच्याकडे बंद. माझ्यासारखे हिशेबनीस, सुपरवायझर इथे वाचत असतील तर आपापल्या ठिकाणी हे विचारून बघा. याला ना इमारत लागते ना वर्गणी.

खोलीच्या जामिनाचं मला अजून उत्तर सापडलेलं नाही. घरमालकापुढे उभं राहणारं मोठं माणूस कुठून आणायचं?

केळीचं_पान (रावेर)

मी उभा राहतो. जळगावात माझ्या ओळखीची चार-पाच घरं आहेत भाड्याने देणारी. पोरगा निवाऱ्यात दोन महिने नीट राहिला आणि तुम्ही सांगितलंत, तर मी त्याच्याबरोबर येऊन घरमालकाला शब्द देईन. आमच्या गावातून आणखी दोघं-तिघं तयार होतील. शेतकऱ्याचा शब्द अजून चालतो आपल्याकडे. अन् सणाला कोणाला कुठे जायचं नसेल तर वरणबट्टी खायला आमच्या मळ्यात पाठवा.

तिसरी_पाळी (जळगाव)

दादा, काय लिहू. धन्यवाद.

पांझराकाठ (धुळे)

दोन पत्रांचे मसुदे मी करते. पहिलं महापालिका आयुक्तांना: बेघर निवाऱ्यात १८ ते २३ वयाच्या मुलांसाठी वेगळ्या दाराचा भाग, चोवीस तास उघडा, प्रत्येकाला कुलपाचा लॉकर, आणि मुक्कामाची मुदत साठ दिवस. दुसरं जिल्हा बाल संरक्षण कक्षाला: येत्या वर्षात जिल्ह्यातल्या बालगृहांतून किती मुलं अठरा पूर्ण करणार, एवढी फक्त संख्या. नावं मागायची नाहीत, ती गोपनीय असतात आणि तशीच राहिली पाहिजेत. त्यांच्यापैकी कितीजणांचा कलम ४६ खालचा आराखडा तयार आहे हेही त्याच पत्रात विचारू. आणखी एक, राज्यात अनाथांसाठी २०१८ पासून शिक्षण आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण आहे, त्यासाठी महिला व बालविकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र लागतं. ते संस्थेत असतानाच काढलेलं बरं. बाहेर पडल्यावर जुनी कागदपत्रं गोळा करताना पोरांचा जीव मेटाकुटीला येतो.

जळगावातून सह्या करायला कोण कोण येतंय ते इथेच लिहा. धुळ्याचं पत्र मी इकडून देते, नंदुरबारचं मास्तरांनी बघावं.

सातपुडा_मास्तर (धडगाव)

नंदुरबारचं माझ्याकडे लागलं. पत्रात होळीनंतरचे महिने मुद्दाम लिहा, आमच्याकडची गर्दी तेव्हाच असते.

तिसरी_पाळी (जळगाव)

मी सहीला येतो, रविवारी पाळी नसते. पत्रात अजून एक ओळ घाला ताई: बाहेर पडायच्या आधी प्रत्येक मुलाच्या आधारला त्याचा स्वतःचा नंबर जोडून द्यावा आणि बँकेचं खातं संस्थेत असतानाच उघडून द्यावं. परवानगी मिळाली तर हे समजावून सांगायला मी बालगृहात जाऊन बसेन.

गिरणाकाठ (जळगाव)

घातली ती ओळ. रविवारी सकाळी दहा वाजता, जळगाव स्टेशनसमोर. सहीला येणाऱ्यांनी आधारची झेरॉक्स आणू नका, नुसतं नाव-पत्ता पुरेसा आहे.